विंडोज, मॅक की लिनक्स? आधी थोडा इतिहास



मागच्या महिन्यात आमच्या लॅबमध्ये नव्याने येणाऱ्या एका मुलीचा मेसेज आला. "ताई, फेलोशिपचे पहिले पैसे जमा झालेत. लॅपटॉप घेतेय. विंडोज घेऊ, मॅक घेऊ, की आहे त्याच जुन्यावर लिनक्स टाकू?" मी म्हटलं, संध्याकाळी सांगते. संध्याकाळी सांगायला बसले ती तासभर बोलतच राहिले. बिचारीने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "हे लिहून काढ ना, मला अर्धंच कळलं."

म्हणून हा लेख. रॅम किती हवी, प्रोसेसर कुठला घ्यावा, हे यात नाही. त्याचे व्हिडिओ ढिगाने पडलेत. मला सांगायचंय ते वेगळं आहे. कोड लिहिणाऱ्या माणसाला या तीन ऑपरेटिंग सिस्टिम रोज जिथे जिथे अडवतात, तिथे खाली कुठला तरी जुना निर्णय गाडलेला असतो. कधी पन्नास वर्षांपूर्वीचा, कधी एखाद्या कोर्टातला. तो माहीत असला की त्रास संपतो असं नाही, पण चूक कुठे शोधायची ते कळतं. आणि पीएचडीत किती वेळ नुसत्या शोधाशोधीत जातो हे तुम्हाला लवकरच कळेल!

सुरुवात माझ्याच फजितीपासून करते. माझं काम संगणकीय रसायनशास्त्रातलं. रेणू पाण्यात कसे हलतात याची गणितं क्लस्टरवर चालवायची. क्लस्टरवर जॉब लावायचा म्हणजे रेशनच्या रांगेत उभं राहण्यासारखंच. पहिल्या वर्षी एकदा माझा नंबर यायला दोन दिवस लागले. आला तो पहाटे, आणि जॉब सुरू होताक्षणी मेला. लॉगमध्ये एकच ओळ: बॅड इंटरप्रिटर, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. म्हणजे फाइल सापडत नाही. अरे, पण फाइल तर समोर दिसतेय! मी फोल्डरचं नाव तपासलं, परवानग्या तपासल्या, पुन्हा जॉब लावला, पुन्हा रांग. दुसऱ्यांदाही तेच. मग एका सीनियरने लॉग बघितला आणि 'बॅश' या शब्दाला चिकटलेल्या एका चिन्हावर बोट ठेवलं: टोपीसारखी खूण आणि पुढे इंग्रजी एम. "ही छोटी स्क्रिप्ट घरी विंडोजवर लिहिलीस ना?" लिहिली होती. मुख्य स्क्रिप्ट सर्व्हरवरच लिहिलेली, पण तिच्यातून बोलावली जाणारी ही दुसरी मी रात्री घरी नोटपॅडमध्ये खरडली होती. त्याने डॉस-टू-युनिक्स नावाची एक कमांड चालवली. अर्ध्या सेकंदाचं काम. माझे चार दिवस गेले होते.

ते एम म्हणजे कॅरेज रिटर्न. कोर्टाबाहेर झाडाखाली बसणारे टायपिस्ट तुम्ही पाहिले असतील. ओळ संपली की ते डावीकडचा दांडा ढकलतात. त्या एका ढकलण्यात दोन कामं होतात: गाडा पुन्हा ओळीच्या सुरुवातीला येतो आणि कागद एक ओळ वर सरकतो. टेलिटाइप यंत्रात, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर छापणाऱ्या यंत्रात, ही दोन कामं दोन वेगळ्या संकेतांनी व्हायची. १९६३ सालचं टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरं छापायचं. छापणारा भाग उजव्या टोकापासून डाव्या टोकाला परत यायला एका अक्षराच्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागायचा. म्हणून आधी 'गाडा मागे' आणि मग 'कागद वर', असे दोन संकेत. दुसरा पोचेपर्यंत गाड्याला तेवढीच उसंत. हीच यंत्रं पुढे संगणकाला कीबोर्ड आणि छपाईयंत्र म्हणून जोडली गेली.

आता प्रश्न असा की फाइलमध्ये ओळ संपल्याची खूण म्हणून काय साठवायचं? बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्प्सनने पीडीपी-७ या जुन्या, कुणाला नकोशा झालेल्या संगणकावर युनिक्स लिहायला घेतलं. बायको लहान मुलाला घेऊन काही आठवडे सासरी गेली होती. तेवढ्या काळात त्याने आठवड्याला एक याप्रमाणे कर्नल, शेल, एडिटर आणि असेंब्लर असे भाग उभे केले. युनिक्सने मल्टिक्स या आधीच्या मोठ्या प्रकल्पाची रीत उचलली: फाइलमध्ये एकच खूण ठेवायची, लाइन फीडची. छापणाऱ्या यंत्राला दोन संकेत लागत असतील तर ते त्या यंत्राच्या ड्रायव्हरने बघावं, फाइलने कशाला? मला हा विचार फार स्वच्छ वाटतो.

दुसऱ्या वाटेने गेलेला माणूस गॅरी किल्डॉल. १९७४ साली त्याने छोट्या संगणकांसाठी सीपी/एम बनवली. तिच्या बऱ्याच सवयी डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या सिस्टिममधून आलेल्या, त्यांत ओळीच्या शेवटी दोन्ही खुणा ठेवायचीही. १९८० मध्ये टिम पॅटरसनने सीपी/एमच्या वळणावर एक सिस्टिम लिहिली, जुलै १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली, आणि १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमचा पीसी बाजारात आला तेव्हा तीच त्याच्यावर होती. हीच डॉस. १९८४ चा मॅकिंटॉश तिसऱ्याच वाटेने गेला: फक्त कॅरेज रिटर्न. म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ओळ कुठे संपते यावरही तिघांचं एकमत नाही! मॅकने २००१ नंतर युनिक्सची पद्धत घेतली. विंडोजच्या नोटपॅडला मात्र युनिक्सची ओळ नीट दाखवता यायला २०१८ उजाडावं लागलं. माझे चार दिवस असे थेट एका छपाईयंत्राच्या गाड्यापर्यंत जातात.

स्लॅशचंही तसंच. युनिक्समध्ये फोल्डरचा रस्ता / या चिन्हाने लिहितात. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच. फ्लॉपीवर मावणार तरी किती? त्यामुळे / हे चिन्ह कमांडचे पर्याय सांगायला वापरून टाकलं होतं. १९८३ मध्ये हार्डडिस्क आली, डॉस २.० मध्ये फोल्डर आले, तेव्हा नेमकं ते चिन्ह अडकलेलं. म्हणून उलटा \ आला. दोन फ्लॉप्यांना ए आणि बी ही अक्षरं गेलेली, म्हणून हार्डडिस्क सी. ए आणि बी केव्हाच भंगारात गेल्या, सी अजून सीच आहे. पायथनमध्ये विंडोजचा रस्ता लिहिताना \ नंतर एन आला की नवी ओळ सुरू होते आणि फाइल सापडत नाही, हा प्रत्येक नवशिक्याचा अनुभव. आणि एक गंमत करून बघा: विंडोजवर 'ऑक्स' (इंग्रजीत एयूएक्स) नावाचं फोल्डर बनवा. नाही बनणार. जुन्या काळी ते जोडलेल्या उपकरणाचं नाव होतं. लिनक्सवरच्या कुणी आपल्या कोडमध्ये त्या नावाचं फोल्डर ठेवलं असेल, तर गिटवरून तो कोड विंडोजवर उतरवतानाच अडतो.

इथपर्यंत ऐकून ज्युनिअर म्हणाली, "मग युनिक्सच चांगलं होतं तर सगळ्यांनी तेच का नाही घेतलं?" इथे गोष्ट तंत्राकडून कायद्याकडे वळते आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो.

बेल लॅब्ज ही एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची. १९५६ साली अमेरिकन सरकारशी झालेल्या तडजोडीनुसार तिला टेलिफोन सोडून दुसऱ्या धंद्यात पडायला मनाई होती. म्हणजे युनिक्स तयार झालं तरी ते माल म्हणून विकता येईना. मग ते विद्यापीठांना मामुली पैशांत, मूळ कोडसकट, 'आमच्याकडून मदत मिळणार नाही' या बोलीवर दिलं जाऊ लागलं. मदत मिळणार नाही म्हटल्यावर विद्यापीठांतली पोरं स्वतःच कोड वाचून दुरुस्त्या करायला लागली आणि एकमेकांना पाठवायला लागली. बर्कलीला बिल जॉय नावाच्या विद्यार्थ्याने १९७७ पासून या दुरुस्त्या एकत्र करून वाटायला सुरुवात केली, तीच बीएसडी. व्हीआय हा एडिटरही त्याचाच. त्यात कर्सर हलवायला एच-जे-के-एल का, याचं उत्तर तो ज्या टर्मिनलवर काम करायचा त्याच्या कीबोर्डवर आहे: बाण याच चार बटणांवर छापलेले होते.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा कर्नल, जेमतेम नऊ-दहा हजार ओळींचा, वर्गात शिकवण्यासाठी छापून घेतला आणि त्यावर ओळीनुसार भाष्य लिहिलं. १९७७ ची गोष्ट. एका अख्ख्या ऑपरेटिंग सिस्टिमचं पोटच उघडं करून दाखवलेलं. पण १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यात एटी अँड टीने कोड वर्गात शिकवायला मनाई केली. मग काय झालं असेल? आपल्याकडे जे होतं तेच. झेरॉक्स! झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. ते पुस्तक राजरोस प्रसिद्ध व्हायला १९९६ उजाडलं. परीक्षेच्या आदल्या रात्री फिरणाऱ्या नोट्सना एवढा मान कुठे मिळाला नसेल.

या मनाईमुळे अ‍ॅमस्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबाउम सरांची अडचण झाली: शिकवायचं काय? त्यांनी स्वतःच युनिक्ससारखी एक छोटी सिस्टिम लिहिली, मिनिक्स, १९८७ साली, आणि तिच्यावर पाठ्यपुस्तकही. ते पुस्तक हेलसिंकीत एका विद्यार्थ्याने वाचलं. १९९१ मध्ये तो २१ वर्षांचा होता, नवीन ३८६ संगणक घेतला होता, आणि मिनिक्समध्ये त्याला हवं ते करता येत नव्हतं. २५ ऑगस्ट १९९१ ला त्याने मिनिक्सच्या चर्चागटात लिहिलं की मी हौस म्हणून एक सिस्टिम करतोय, काही मोठं वगैरे होणार नाही. तो लिनस टोरवाल्ड्स. कर्नल त्याचा, पण भोवतालची हत्यारं (कंपायलर, शेल, छोट्या कमांडा) रिचर्ड स्टॉलमनच्या ग्नू प्रकल्पाची. तो १९८३ पासून चालला होता. लिनक्स म्हणताना आपण हा अर्धा भाग विसरतो.

त्याच वेळी बर्कलीचं बीएसडी पीसीवर यायला तयार होतं. पण १९९२ मध्ये युनिक्सचे हक्क असलेल्या कंपनीने दावा लावला आणि तो मिटायला १९९४ उजाडलं. त्या दोन वर्षांत कुणी बीएसडीवर पैज लावेना, आणि लिनक्स पुढे निघून गेलं. माझं मत विचाराल तर तांत्रिकदृष्ट्या त्या वेळी बीएसडीच जास्त पक्कं होतं. तुमच्या क्लस्टरवर आज लिनक्स आहे याला कोर्टाची तारीख-पे-तारीखही जबाबदार आहे.

१९९४ मध्येच नासाच्या गॉडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी साधे १६ पीसी जोडून, त्यांवर लिनक्स टाकून, एक समांतर संगणक बनवला. बिओवुल्फ. प्रत्येक यंत्रासाठी परवान्याचे पैसे मोजावे लागले असते तर हे परवडलं नसतं. त्यानंतरचं थोडक्यात: नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांपैकी प्रत्येकावर लिनक्स आहे. पुण्यात आयसरमध्ये बसवलेल्या 'परम ब्रह्म'वरही तेच. म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर काहीही असो, तुमचं मोठं गणित शेवटी बहुतेक लिनक्सवरच जाणार आहे.

मग लॅपटॉपवरही लिनक्सच का नाही? अनेकजण घेतात. डेबियन १९९३ साली सुरू झालं आणि त्यातून अ‍ॅप्ट आलं: एक ओळ टाइप करा, हवं ते सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं आपोआप येतं. वैज्ञानिक लायब्ररी ज्याने हाताने बसवल्या आहेत त्यालाच हे सुख कळेल. मॅकवर ही सोय होमब्रूने २००९ मध्ये दिली, विंडोजचं स्वतःचं विंगेट २०२० मध्ये आलं. उबुंटू २००४ साली आलं तेव्हा ते मागेल त्याला पोस्टाने फुकट सीडी पाठवायचे, २०११ पर्यंत. आमच्या विभागाच्या कपाटात तसलं एक पाकीट अजून आहे. पण डेस्कटॉप म्हणून लिनक्स वापरताना प्रोजेक्टर जोडला की काय होईल याची धाकधूक असते, हे मान्य करूया. हार्डवेअर बनवणाऱ्या कंपन्या ड्रायव्हर आधी विंडोजसाठी लिहितात. प्रेझेंटेशनच्या दिवशी मी माझा लिनक्स लॅपटॉप नेत नाही. पीडीएफ पेनड्राइव्हवर नेते.

आता मॅक. परिषदांना गेलात तर निम्म्या टेबलांवर सफरचंद दिसेल, आणि तुम्हाला वाटेल श्रीमंती. थोडी आहेच. पण एक ऐतिहासिक कारणही आहे. १९८५ मध्ये अ‍ॅपलमधून बाहेर पडल्यावर स्टीव्ह जॉब्जने नेक्स्ट कंपनी काढली. तिची सिस्टिम कार्नेगी मेलनच्या माख कर्नलवर आणि बीएसडीवर बांधलेली. विद्यापीठांना विकायचं असं ठरलेलं. यंत्रं महाग, फार खपली नाहीत. पण सर्नमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये वर्ल्ड वाइड वेब लिहिलं ते याच यंत्रावर. डिसेंबर १९९६ मध्ये अ‍ॅपलने नेक्स्ट विकत घेतली आणि मार्च २००१ मध्ये त्यातूनच मॅक ओएस टेन आली. वरून देखणा डेस्कटॉप, आत अस्सल युनिक्स. २००७ पासून तर युनिक्स म्हणून रीतसर प्रमाणपत्र मिळालेलं. टर्मिनलही हवं आणि प्रेझेंटेशनही न अडता व्हायला हवं, अशा माणसाला दोन्ही एकाच यंत्रात मिळायला लागलं.

पण 'आत युनिक्स' म्हणजे 'लिनक्ससारखंच' असं समजू नका. मॅकच्या कमांडा बीएसडीच्या वंशातल्या, लिनक्सच्या ग्नूच्या. 'सेड'ने फाइलमध्येच बदल करायची कमांड दोन्हींकडे थोडी वेगळी लागते. बॅशचा परवाना २००७ नंतर बदलला, तो अ‍ॅपलला नको होता, म्हणून मॅकबरोबर येणारी बॅश अजून ३.२ वरच थांबलेली आहे. क्लस्टरवरच्या नव्या बॅशमधली स्क्रिप्ट मॅकवर म्हणूनच कधी कधी अडते. आणि फाइलच्या नावातलं मोठं अक्षर आणि लहान अक्षर यांत मॅक सहसा फरक करत नाही, लिनक्स करतं. आमच्या गटातल्या एकाने मॅकवर महिनाभर बिनबोभाट चालवलेला कोड सर्व्हरवर पहिल्याच ओळीला पडला. फाइलचं नाव मोठ्या 'ई'ने, कोडमध्ये लहान 'ई'.

विंडोजबद्दल आतापर्यंत मी जरा नाक मुरडूनच लिहिलंय. तर तिची बाजू. आजचं विंडोज डॉसचं पोर नाही. डिजिटल इक्विपमेंटमधून आलेल्या डेव्ह कटलरने १९८८ पासून नव्याने लिहायला घेतलेलं विंडोज एनटी जुलै १९९३ मध्ये आलं, आणि आजचं विंडोज त्याच्यावर उभं आहे. डॉसच्या सवयी फक्त जुने प्रोग्राम चालत राहावेत म्हणून जपल्या. एनटीने सुरुवातीपासून युनिकोड घेतलं, म्हणजे देवनागरीला जागा दिली, ही काळाच्या पुढची गोष्ट होती. अडचण एवढीच की तेव्हा सगळ्यांना वाटत होतं, दर अक्षराला १६ बिट पुरतील. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत केन थॉम्प्सन (हो, तोच!) आणि रॉब पाइक यांनी टेबलावरच्या कागदी मॅटवर यूटीएफ-८ ची आखणी केली. इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीला तीन, आणि जुन्या फाइली जशाच्या तशा चालू. जग तिकडे गेलं, एनटीची बस तोवर सुटली होती. तुमच्यापैकी कुणी मराठी मजकुरावर काम करणार असेल तर हे लक्षात ठेवा: विंडोजवर पायथनने फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्वतः लिहा, नाहीतर पायथन जुन्या पश्चिम युरोपीय संचाने ती वाचायला जातो आणि मराठी मजकूर टोप्या-टिंबांचा कचरा होऊन येतो किंवा फाइल वाचतानाच एरर येते. लिनक्स-मॅकवर हे सहसा होत नाही, आणि म्हणूनच तिथे कोड लिहिणारा ते लिहायला विसरतो.

खरं तर मी आता निवड करताना एकच गोष्ट आधी बघते: ही सिस्टिम जुन्या गोष्टींशी कशी वागते? पीएचडी पाच वर्षांची. पहिल्या वर्षीचा आलेख पाचव्या वर्षी परीक्षकाच्या प्रश्नावर पुन्हा काढायची वेळ येते. तेव्हा तो कोड चालेल का?

विंडोज जुनं टाकत नाही. विंडोज ९५ च्या वेळचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. सिमसिटी हा खेळ मोकळी केलेली मेमरी पुन्हा वाचायचा, म्हणजे चूक खेळाची. पण लोक म्हणतील विंडोजने खेळ बिघडवला, म्हणून मायक्रोसॉफ्टने सिमसिटी ओळखून त्याच्यापुरती मेमरी उशिरा मोकळी करायची सोय केली! हा आजोबांच्या घरासारखा प्रकार आहे. अडगळ भरपूर, पण हवी ती वस्तू सापडते. अ‍ॅपलचं उलट. १९९४ ला प्रोसेसर बदलला, २००६ ला बदलला, २०२० ला पुन्हा बदलला. २०१९ मध्ये ३२ बिटांचे सगळे प्रोग्राम एका फटक्यात बंद. दरवेळी मधला पूल बांधून देतात आणि काही वर्षांनी तो काढून घेतात. लिनक्सचं तिसरंच. कर्नल जुन्या प्रोग्रामशी इमान राखतो, पण भोवतालच्या लायब्ररी राखतीलच असं नाही. नव्या उबुंटूवर कंपाइल केलेला प्रोग्राम जुन्या क्लस्टरवर नेला की 'जीलिब्सीची अमुक आवृत्ती सापडली नाही' असं येतं. तिथलं उत्तर ठरलेलं: मूळ कोड आहे ना, इथे पुन्हा कंपाइल करा. मूळ कोड मिळतो हे गृहीतच धरलेलं. सातव्या आवृत्तीच्या मनाईतून शिकलेल्या लोकांची ही सिस्टिम आहे, हे इथे दिसतं.

म्हणूनच लॅबमधलं उपकरण बहुतेक वेळा विंडोजला जोडलेलं असतं. आमच्या शेजारच्या लॅबमध्ये एक स्पेक्ट्रोमीटर आहे, त्याचा पीसी अजून विंडोज एक्सपीवर. एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्येच संपला, म्हणून त्याला इंटरनेट जोडत नाहीत. डेटा पेनड्राइव्हने आणतात. उपकरणाचं सॉफ्टवेअर फक्त त्याच्यावर चालतं आणि नवं उपकरण घ्यायचं तर नवं अनुदान हवं. हसू नका, तुमच्याही लॅबमध्ये असा एक डबा असेल.

राहता राहिला समेट. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती, त्याच्या परवान्यामुळे. २०१६ मध्ये त्याच कंपनीने विंडोज १० च्या आत उबुंटूचा शेल दिला. कारण सरळ होतं: कोड लिहिणारे मॅककडे आणि लिनक्सकडे चालले होते. ही डब्ल्यूएसएल पहिल्यांदा नुसती दुभाषी होती. लिनक्स प्रोग्रामची मागणी विंडोजच्या भाषेत सांगायची. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत खराखुरा लिनक्स कर्नलच आत बसवला. मी आता हेच वापरते आणि खूश आहे. एकच सांगते: कोड आणि डेटा लिनक्सच्या घरात ठेवा, सी ड्राइव्हवर ठेवून आतून वाचू नका. मधली भिंत ओलांडताना फाइली फार रेंगाळतात. हजारो छोट्या फाइली असतील तर चहा पिऊन याल तरी काम चालूच असेल.

ज्युनिअरला मी शेवटी एवढंच म्हटलं की दुकानात जायच्या आधी तीन माणसांना भेट. क्लस्टर बघणाऱ्याला विचार कुठलं लिनक्स आहे, उपकरण सांभाळणाऱ्याला विचार सॉफ्टवेअर कशावर चालतं, आणि ज्याच्या कोडवर तू पुढे काम करणार आहेस तो सीनियर काय वापरतो ते बघ. पहिल्या वर्षी अडलीस तर मदत त्याच्याकडूनच मिळणार आहे. तिघांनाही विचारून तिने विंडोजचा लॅपटॉप घेतला, डब्ल्यूएसएल टाकली, आणि गिटमध्ये ओळीच्या खुणांची सेटिंग पहिल्याच दिवशी बदलून घेतली.

परवा तिचा मेसेज आला, पहिला जॉब रांगेत लागलाय म्हणून. मी विचारलं, "स्क्रिप्ट कुठे लिहिलीस?"

"सर्व्हरवरच, ताई. आतली छोटीपण."